इमूचं पिल्लू फाकतंय, लंगडतंय, पडतंय? पट्टी बांधायच्या आधी हे वाचा

इमूच्या पिल्लाचे पाय बिघडले की बहुतेक जण एकच करतात. दोन्ही पाय एकमेकांना बांधतात, पाण्यात बी कॉम्प्लेक्स टाकतात आणि आठ दिवस वाट बघतात. पट्टी चुकीची असते असं नाही, पण ती फक्त एका प्रकारच्या दुखण्यावर चालते आणि बाकीच्या तीन-चार प्रकारांत नुसता वेळ जातो. त्यातल्या एकात तर पट्टीमुळे चांगला पायही जातो. शिवाय ज्या गुळगुळीत जमिनीमुळे किंवा चुकीच्या खाद्यामुळे पाय बिघडला ते तसंच चालू राहतं, म्हणून पट्टी सोडली की दोन दिवसांत पिल्लू पुन्हा तिथेच.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आधी जमीन, मग दुखणं कुठलं ते ओळखणं, मग उपाय. हा क्रम मोडू नका.

हे सगळं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी आहे, म्हणजे अंगावर पट्टे असेपर्यंत. मोठ्या इमूची लाथ आणि वजन ही वेगळीच गोष्ट आहे, ते इथे नाही.

टप्पा १ : आत्ता लगेच, पहिल्या दहा मिनिटांत

पिल्लाला कळपातून बाजूला घ्या पण एकटं कोंडू नका. इमूचं पिल्लू एकटं पडलं की शीळ घालत बसतं, खात नाही, आणि मग अशक्तपणा पायामुळे आलाय की उपासामुळे ते कळत नाही. मध्ये जाळी लावून पलीकडे दुसरं पिल्लू दिसेल असं ठेवा. दुसरं नसेल तर स्वतः अधूनमधून समोर बसा.

उचलताना पायाला धरायचं नाही, कोंबडी धरतो तसं तर अजिबातच नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागून दोन्ही मांड्यांभोवती, आणि पिल्लू आपल्या अंगाला टेकवून. हवेत लटकलं की ते जोरात लाथा झाडतं आणि धड पायसुद्धा अशाने लचकतो.

आता जमीन. पिल्लू टाईल्सवर, कोब्यावर, शहाबादी फरशीवर, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर किंवा रद्दी पेपरवर असेल तर तिथून आधी हलवा. रद्दी पेपर स्वच्छ वाटतो पण पहिल्या आठवड्यात पाय फाकवण्यात त्याचा हात मोठा. साळीच्या तुसाचा जाड थर आणि त्यावर घट्ट ताणलेलं स्वच्छ गोणपाट ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. गोणपाटाचे सुटे धागे मात्र कापून टाका, पिल्लं ते ओढून गिळतात. गोणपाट नसेल तर किचनच्या कप्प्यात घालतात ती जाळीदार रबरी मॅट चालते, धुताही येते.

ऊब बघा. पहिले दहा दिवस पिल्लाच्या उंचीवर साधारण ३२ अंश सेल्सिअस, मग हळूहळू कमी करत तीन-चार आठवड्यांपर्यंत २९ च्या आसपास. आपल्याकडे पिल्लं हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघतात, त्यामुळे रात्री गारठा आणि दुपारी पत्र्याखाली भट्टी असं एकाच दिवसात होतं. गारठलेलं पिल्लू पण लटपटतं आणि उन्हाने तापलेलं पण. थर्मामीटर छताला नाही, जमिनीजवळ लावा.

तपासा : जमीन आणि ऊब ठीक केल्यावर तासाभराने पिल्लू उभं राहून नीट चालत असेल तर आज काहीच बांधू नका, नुसती नजर ठेवा.

टप्पा २ : सामान आधी जमवा

अर्धवट बांधलेलं पिल्लू हातात धरून कात्री शोधत फिरायचं नसेल तर हे आधीच शेजारी ठेवा :

मेडिकलमधली स्वतःलाच चिकटणारी कोहेसिव्ह बँडेज, एक इंच रुंद. नसेल तर क्रेप बँडेज कापून वर मायक्रोपोर टेप. थोडा कापूस. बोथट टोकाची कात्री. किचनचा डिजिटल वजनकाटा. जुने टॉवेल दोन-तीन. मार्कर पेन. वही. आणि मोबाईल, व्हिडिओसाठी, कारण डॉक्टरांना फोटोपेक्षा चालतानाचा व्हिडिओ जास्त सांगतो.

केसांचं रबर, पैशांना लावतात ते रबर बँड, सुतळी, नायलॉनची दोरी यातलं काहीही पायाला लावायचं नाही. पिल्लाचा पाय रोज जाड होतो. रबर आत रुतलं की खालचा पंजा काळा पडतो आणि मग पाय वाचवायची गोष्टच संपते.

टप्पा ३ : दुखणं ओळखा (सगळ्यात जास्त चुका इथेच)

आधी एक गोष्ट पक्की करू. पायाच्या मध्यावर जो फुगीर सांधा दिसतो आणि मागच्या बाजूला वाकतो त्याला आपण सगळे गुडघा म्हणतो. खरा गुडघा वर पिसांत, पोटाला लागून असतो. डॉक्टरांशी फोनवर बोलताना त्या मधल्या सांध्याला हॉक म्हणा, नाहीतर ते एक समजतील आणि तुम्ही दुसरंच. त्याच्या खालच्या खवल्यांच्या सरळ हाडाला मी पुढे नडगी म्हणतोय.

आता याच क्रमाने तपासा.

१. वय किती दिवसांचं? पहिल्या आठवड्यात फाकलेले पाय आणि वाकडी बोटं. पुढे दोन आठवड्यांपासून दोनेक महिन्यांपर्यंत, म्हणजे वाढ झपाट्याने होते तेव्हा, पाय बाहेर वळणं. शीर सरकणं, म्हणजे मधल्या सांध्याच्या मागची कंडरा जागेवरून हलणं, कधीही.

२. पोट आणि बेंबी. बेंबी ओली, लाल, वास येणारी आणि पोट फुगून ताणलेलं असेल तर पिल्लू पायामुळे बसलेलं नाही, आत पिवळ्या बलकाला इन्फेक्शन झालंय. त्याचे पाय बांधणं म्हणजे आजारी जिवाला आणखी त्रास. थेट डॉक्टर. पोट दगडासारखं घट्ट लागलं आणि शी बंद असेल तर तूस, धागे, गवत असलं काहीतरी अडकलेलं असू शकतं, तेही डॉक्टरांचंच काम.

३. मान आणि डोकं. मान वर आभाळाकडे वळतेय, मागे पडतंय, गोल गोल फिरतंय, डोकं थरथरतंय? मग टप्पा ५ वर जा, पायाला हात लावू नका.

४. दोन्ही मधले सांधे एकाच वेळी दोन हातांनी धरून बघा. एक गरम, सुजलेला किंवा मागून चपटा लागतोय का? सांध्याच्या मागे मधोमध ताणलेल्या दोरीसारखी शीर लागायला हवी. ती बाजूला गेली असेल तर शीर सरकलीय.

५. समोरून बघा. पाय कमरेपासूनच बाजूला जातोय, की कमरेपासून सांध्यापर्यंत सरळ आणि तिथून खाली पंजा बाहेर वळलाय? या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात पण उपाय एकदम वेगळा.

६. बोटं. इमूला तीन बोटं, तिन्ही पुढे. एखादं आत किंवा बाजूला गुंडाळलंय का.

७. बोटाला हलकी चिमटी. पाय मागे ओढला तर संवेदना आहे. नाही ओढला तर नस किंवा पाठीच्या कण्याचा प्रश्न असू शकतो, घरच्या उपायाने काही होणार नाही.

८. चोच दोन बोटांत हलकी दाबा. रबरासारखी वाकली तर हाडं मऊ पडलीयत, म्हणजे मुडदूस. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा घोळ.

तपासा : हे आठही मुद्दे वहीत लिहून झाले का? घाईत चौथा आणि पाचवा हमखास सुटतो, आणि पट्टी चुकते ती त्याच्यामुळेच.

टप्पा ४ : प्रकाराप्रमाणे उपाय

४.१ फाकलेले पाय

दोन्ही पाय किंवा एक पाय बाजूला घसरतो, पिल्लू पोटावर पसरतं, सांधा सुजलेला नसतो, शीर जागेवर असते. पायबंदाची पट्टी फक्त याच्यासाठी, आणि जितकी लवकर तितकी चांगली. पहिल्या तीन-चार दिवसांत लावली तर एक-दोन दिवसांतच फरक दिसायला लागतो, दोन आठवड्यांनंतर फार अपेक्षा ठेवू नका कारण तोपर्यंत हाडं आणि सांधे त्याच आकारात बसायला लागलेले असतात.

अ) दुसऱ्या माणसाला पिल्लू उभ्या अवस्थेत धरायला सांगा, पंजे जमिनीला टेकलेले, वजन त्याच्या हातात.

आ) दोन्ही पाय कमरेच्या बरोबर खाली आणा. आता दोन नडग्यांमध्ये जेवढं अंतर दिसतंय तेच पट्टीचं अंतर. पट्टीवर मार्करने खूण करा. कोणी अमुक इंच सांगेल, ते ऐकू नका, पिल्लू लहान-मोठं असतं.

इ) नडगीच्या मध्यावर कापसाचा पातळ थर, त्यावर बँडेजचे दोन सैल वेढे. सांध्यावर नाही, पंज्यावर नाही.

ई) तीच पट्टी दुसऱ्या नडगीवर न्या, तिथेही दोन वेढे, परत या, मधला भाग स्वतःवरच चिकटवून टाका म्हणजे ती दोरीसारखी न राहता पट्टा होईल.

उ) आगपेटीची काडी पट्टीखालून सहज सरकली पाहिजे. अडली तर सोडून पुन्हा बांधा.

बांधल्यावर पिल्लू तोंडावर पडणार, घाबरणार, ओरडणार. लगेच सोडू नका आणि एकटंही सोडू नका. पहिला तासभर दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून मध्ये उभं करा, मग थोडं थोडं चालू द्या.

सावधान : पायबंद असलेलं पिल्लू पाण्याच्या भांड्यात तोंडावर पडलं तर एक इंच पाण्यातही बुडतं. भांडं उथळ आणि अरुंद ठेवा. आत दगड घालायचे तर पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे, छोटे खडे ते गिळतं.

पट्टी रोज एकदा पूर्ण काढायची. पाच मिनिटं मोकळं चालवून बघायचं, पंजा गार किंवा सुजलेला आहे का हात लावून बघायचा, मग नवीन अंतर मोजून पुन्हा बांधायची. बांधली आणि विसरलो असं झालं की पट्टीच नवीन दुखणं देते. साधारण तीन ते पाच दिवस लागतात. आठवडा झाला आणि काडीचाही फरक नाही तर निदान चुकलंय, टप्पा ३ पुन्हा.

४.२ वाकडी बोटं

अंड्यातून निघताना थोडी वाकलेली बोटं बऱ्याचदा एक-दोन दिवसांत आपोआप सरळ होतात. नाही झाली तर जाड पुठ्ठ्याचा पंज्याच्या आकाराचा तळवा कापा, तीन बोटं त्यावर नैसर्गिक अंतराने सरळ ठेवा आणि मायक्रोपोरने चिकटवा. ओला झाला की बदला. दोन-तीन दिवस पुरे होतात. एकाच बॅचमध्ये बऱ्याच पिल्लांची बोटं गुंडाळलेली असतील तर पुठ्ठे कापत बसण्याआधी मोठ्या पक्ष्यांच्या खाद्यातलं बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन आणि इनक्युबेटरचं तापमान बघा.

४.३ शीर सरकणं

यात तास मोजायचे असतात, दिवस नाही. मधल्या सांध्याच्या मागची कंडरा, जिला आपण शीर म्हणतो, ती आपल्या खाचेतून बाजूला पडते. सांधा सुजतो, पाय सरळ होत नाही, पिल्लू सांध्यावर घसटत चालतं.

याला पायबंद लावायचा नाही. शीर बाहेर असताना दोन्ही पाय एकत्र बांधले की वाकडा पाय सरळ होत नाहीच, चांगल्या पायावर उलटा जोर येतो आणि दोन-चार दिवसांत तोही जातो. मग उभं करायलाच काही उरत नाही.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १९६२ वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा, आणि जवळ असेल तर परळ, शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. तालुक्याच्या डॉक्टरांनी इमू फारसे बघितलेले नसतील तरी कोंबडीतलं हेच दुखणं त्यांना माहीत असतं, तसं सांगा म्हणजे संकोच जातो.

डॉक्टर करतात ते थोडक्यात असं : पाय मागे सरळ ताणून शीर सैल करायची, अंगठ्याने मधल्या खाचेत ढकलायची, तिथे धरूनच पाय उभं राहताना असतो तेवढा वाकवायचा आणि मऊ पॅड लावून तसाच बांधायचा. अगदी ताजं असेल, सूज नसेल आणि त्या दिवशी डॉक्टर मिळतच नसेल तर एकदाच, हळुवार करून बघा. पुन्हा पुन्हा ढकलत बसलात तर शीर आणि खाच दोन्ही खराब होतात. खाचच उथळ असली तर शीर परत परत बाहेर येते, अशा वेळी टाके घालावे लागतात आणि तरीही खात्री देता येत नाही.

मँगॅनीज, कोलीन, बायोटिन कमी पडलं की हे होतं, म्हणून डॉक्टर तेही देतील. पण सरकलेली शीर औषधाने जागेवर येत नाही. औषध दुसऱ्या पायासाठी आणि बाकीच्या पिल्लांसाठी.

४.४ पाय बाहेर वळणं

पिल्लू धष्टपुष्ट, खाऊन-पिऊन मस्त, आणि एक दिवस लक्षात येतं की एका पायाचा पंजा बाहेर बघतोय. इथे हाडच पिळवटलेलं असतं. जास्त ताकदीचं खाद्य, भराभर वजन आणि पळायला जागा नाही, हे तिन्ही एकत्र आलं की हे होतं. जो आपलं पिल्लू सगळ्यात जाड आहे म्हणून खूश असतो त्याच्याकडेच हे जास्त बघायला मिळतं.

पट्टीने हाड उलटं पिळलं जात नाही, त्यामुळे बांधू नका. दोन कामं करा : खाद्याची ताकद कमी (टप्पा ६) आणि पळवणं वाढवा (टप्पा ७). रोज एकाच जागी, एकाच उंचीवरून समोरून फोटो काढा. पंजा आहे तिथेच थांबला तर असं पिल्लू थोडं वाकडं चालत का होईना जगू शकतं. रोज थोडा थोडा जास्त वळत असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ऑपरेशन होतं, पण त्यातून धड चालणारे फार थोडे.

टप्पा ५ : तोल जातोय पण पाय ठीक आहेत

पिल्लाला धरून पंज्याखाली हात द्या. पंजा जोर लावून ढकलत असेल, सांधे नीट असतील आणि तरी उभं राहिलं की मान मागे जाऊन पडत असेल तर गडबड पायात नाही, डोक्यात किंवा नसांमध्ये आहे. कारणं बरीच. डॉक्टर येईपर्यंत तुम्ही या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा, त्यातच अर्धं निदान असतं.

कॉक्सीचं, म्हणजे आतड्याच्या कॉक्सिडिओसिस या आजाराचं औषध अॅम्प्रोलियम, पाण्यातून बरेच दिवस चालू आहे का? ते बी-१ म्हणजे थायमिन अडवतं, आणि थायमिन कमी पडलं की मान आभाळाकडे वळते. शी पातळ दिसली की हे औषध टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे आणि बंद कधी करायचं ते कोणी लिहून ठेवत नाही.

खाद्य जुनं, खवट वासाचं आहे का? खवट तेलकट खाद्यात ई जीवनसत्त्व संपलेलं असतं, त्याने मेंदूवर परिणाम होतो. ई आणि सेलेनियम एकत्र येणारी औषधं डोसानेच द्यायची, सेलेनियम थोडं जास्त झालं तरी विष आहे.

राणीखेतची, म्हणजे कोंबड्यांच्या विषाणूच्या साथीची, लस झालीय का? इमूलाही राणीखेत होतो आणि त्यात मान वाकडी होते. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा असा क्रम आपल्याकडे चालतो. लस नसेल, एकापेक्षा जास्त पिल्लं पडत असतील किंवा शेजारी कोंबड्या मरत असतील तर त्या शेडमधले बूट, बादली, माणूस काहीही दुसऱ्या शेडमध्ये जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा.

शेजारच्या शेतात फवारणी झाली का, शेडमध्ये गोचीड-पिसवांचं औषध मारलं का, डोकं जाळीत अडकलं किंवा आपटलं का, दुपारी पत्रा तापला होता का.

तोपर्यंत काय करायचं : अंधारी, शांत, उबदार जागा. मानेखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे डोकं आपटणार नाही. पाणी चोचीत ओतायचं नाही. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडं असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि सकाळी पिल्लू मेलेलं मिळतं. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, गिळू द्या, थांबा, पुन्हा बुडवा.

टप्पा ६ : खाद्य बदला

इमूचं खाद्य सगळीकडे मिळत नाही म्हणून लोक सरळ ब्रॉयलर स्टार्टर आणतात. यात दोन गोष्टी चुकतात. पहिली, ते महिना-सव्वा महिन्यात विकायच्या कोंबडीसाठी बनवलेलं खाद्य आहे, इमूच्या पिल्लाचं वजन त्याने पायाच्या आधी वाढतं. दुसरी जास्त धोक्याची : त्यात बऱ्याचदा कॉक्सीविरोधी औषध मिसळलेलं असतं. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन, नरासिन, हे कोंबडी पचवते पण शहामृग-इमूच्या जातीच्या पक्ष्यांचे स्नायू त्याने निकामी होतात आणि पिल्लू पायातून जातं. पिशवीवरचं लेबल वाचा, लिहिलेलं नसेल तर दुकानदाराकडून नाही, कंपनीच्या नंबरवर विचारा. अख्खी बॅच एकदम बसली असेल तर सगळ्यात आधी हाच संशय घ्या आणि ती पिशवी बंद करा, फेकू नका, तपासायला लागेल.

त्यापेक्षा औषधविरहित लेयर चिक मॅश, म्हणजे अंड्यावरच्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बरं, प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम १ ते १.५ टक्के. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य नाही, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. हाडं मऊ आहेत म्हणून वरून शिंपल्याची पूड ओतायची ही पण मोठी चूक. जास्तीचं कॅल्शियम मँगॅनीज आणि झिंक शोषू देत नाही, म्हणजे मुडदूस टाळायला गेलात आणि शीर सरकवून बसलात.

पाय बाहेर वळत असलेल्या पिल्लाला दिवसभर समोर खाद्य ठेवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मोजून आणि मध्ये बारीक चिरलेला पाला : लसूणघास, कोबी, कोथिंबीर. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. लांब देठ द्यायचे नाहीत, पोटात गुंता होतो.

खाद्य महिनाभर पुरेल एवढंच आणायचं. आणि सकाळचं कोवळं ऊन रोज, थेट अंगावर, काचेतून किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून आलेलं नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यातून फारसे येतच नाहीत. जवळच सावली हवी.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस खाद्य नसलं तरी चालतं, आतला बलक पुरतो आणि वजनही थोडं उतरतं. तेवढ्यावरून घाबरून कोंबू नका.

टप्पा ७ : हालचाल

नुसतं बसवून ठेवलेला पाय बरा होत नाही.

चालवणं : पिल्लू माणसाच्या मागे येतं, त्याचा फायदा घ्या. सरळ रेषेत चाला, निदान तीस फूट सरळ पळता येईल अशी खरबरीत मातीची पट्टी हवी. छोट्या गोल कुंपणात पिल्लू सतत एकाच बाजूला वळतं आणि बाहेरच्या पायावर ताण येतो. दिवसातून चार-पाच वेळा, दमायच्या आधी थांबायचं.

पाणी : टबात कोमट पाणी, पिल्लाच्या छातीपर्यंत, पंजे तळाला टेकतील एवढंच, तळाला रबरी मॅट. तुमचा हात छातीखाली. पाच मिनिटं पाय मारू द्या. फाकलेल्या आणि अशक्त पायांना याचा चांगला उपयोग होतो. नंतर टॉवेलने आणि बल्बखाली पूर्ण कोरडं करायचं, ओलं ठेवलंत तर न्यूमोनिया. बेंबी पूर्ण सुकल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही, म्हणजे पहिला आठवडा नाहीच. सुजलेल्या सांध्यावर डॉक्टरांना विचारून.

झोळी : अजिबात उभं राहत नसेल तर जुन्या बनियनला पायांसाठी दोन भोकं आणि शी पडायला मागे एक, दोन खुर्च्यांमध्ये टांगा. तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर तो व्यायाम नाही, नुसता झोका. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दिवसभर टांगून ठेवलं तर छाती दाबून श्वास अडतो.

बाकी वेळ टॉवेलच्या कड्यात बसवा, दर दोन तासांनी कूस बदला, मागची बाजू स्वच्छ ठेवा. उन्हाळ्यात शीवर माशा बसतात आणि एका दिवसात अळ्या होतात, हे पायाच्या नादात विसरलं जातं.

सावधान : दुखतंय म्हणून घरातली माणसाची पेनकिलर देऊ नका. डायक्लोफेनॅकने गिधाडं मेली हे सगळ्यांना माहीत आहे, २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे. दुखण्यावर काय द्यायचं ते डॉक्टर पिल्लाच्या वजनावर ठरवतील.

टप्पा ८ : वही, आणि थांबायचं कधी

रोज सकाळी खाण्याआधी वजन, किती वेळ आपोआप उभं राहिलं, शी कशी, दहा सेकंदांचा व्हिडिओ. हे नसेल तर घरात एक म्हणतो सुधारलंय, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघांचंही खरं वाटतं.

सलग तीन दिवस वजन उतरतंय, स्वतः खात नाही, दुसरा पायही गेलाय, छातीला किंवा सांध्याला जखमा पडल्यात, चिमटीला प्रतिसाद नाही, यातलं दोन-तीन एकत्र असेल तर डॉक्टरांना विचारा की आता त्याला शांतपणे झोपवायचं का. दोन पायांवर पन्नास किलोच्या घरात जाणारा पक्षी आहे हा, पिल्लू असताना झोळीत निभतं ते पुढे निभत नाही. घरातल्या मुलांना लळा लागलेला असतो म्हणून निर्णय लांबतो, समजू शकतं, पण सोसायचं त्याला असतं.

पिल्लू मेलं तर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्या. दवाखान्यामार्फत पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतं. बर्फात ठेवायचं, डीप फ्रीजरमध्ये नाही, गोठवलं की आतले अवयव तपासायला नीट राहत नाहीत.

टप्पा ९ : पुढची अंडी मशीनमध्ये घालण्याआधी

एका बॅचमध्ये एक पिल्लू फाकलं तर नशीब म्हणता येईल. तीन-चार फाकली तर दोष मशीनमध्ये किंवा आईबापांच्या खाद्यात असतो.

इमूचं अंडं गडद हिरवं, साधी बॅटरी मारून आतलं काही दिसत नाही, म्हणून वजन हाच उपाय. घालताना प्रत्येक अंड्याचं वजन लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा करा. पन्नासेक दिवसांत मूळ वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के घट व्हायला हवी. म्हणजे ६०० ग्रॅमचं अंडं पिल्लू टोचायला लागेपर्यंत ६० ते ९० ग्रॅम उतरलं पाहिजे. कमी उतरतंय तर आत दमटपणा जास्त आहे, पिल्लू ओलं, सुजलेलं, जड निघणार आणि त्याच्या पायात ताकद नसणार. कोकणात आणि मुंबईच्या बाजूला हे जास्त होतं, तिथे मशीनमध्ये पाणी ठेवायची गरज आहे का तेच आधी तपासा.

पिल्लू बाहेर पडतं त्या ट्रेमध्ये रबरी मॅट हवी. पहिली उभं राहायची धडपड तिथेच होते आणि बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये तिथे गुळगुळीत पत्रा असतो. आणि कवच फोडायला मदत करू नका. स्वतः पाय मारत बाहेर येण्यातच पायांना पहिला व्यायाम मिळतो.

जोडीच्या खाद्यात मँगॅनीज, बी गट आणि ई असलेलं मिनरल-व्हिटॅमिन मिश्रण अंडी सुरू व्हायच्या महिना-दीड महिना आधीपासून चालू करा. अंड्यात उतरायला त्याला तेवढा वेळ लागतो, पिल्लं निघाल्यावर आईला देऊन त्या बॅचला काही मिळत नाही.